तीन ठोंब

सन १८७७ च्या चैत्रात आम्ही माळशेज घाट उतरून कल्याणकडे आलो, तेव्हा आमच्याजवळ तेवीस गुरं होती आणि माणसं तीन. मी, माझी बायको सगुणा आणि तिचा धाकटा भाऊ दौलत. आमचं गाव पारनेरच्या बाजूला. आदल्या साली तिकडे पाऊस पडलाच नाही. दिवाळीपर्यंत आमच्या कुरणातलं गवत संपलं. संक्रांतीपर्यंत गुरांनी गवताची बुडखंही कुरतडली. गावातली बरीच गुरं दावणीलाच बसली आणि मेली. आमची आम्ही चालवत खाली आणली. दौलतची बायको नंदा नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून ती सासूजवळ गावातच राहिली.

डोंबिवलीजवळ मानपाड्याला इनास नावाच्या माणसाने गवताचा मोठा माळ खंडाने घेतला होता. तो ठाण्याचा किरिस्ताव शेतकरी. गवत कापून, दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि कल्याण स्टेशनावरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा त्याचा धंदा. आमचे बैल त्याच्या गाड्या ओढायचे. त्याबदल्यात आम्हाला एक खोपट मिळालं होतं आणि गुरांना गंजीच्या तळाचं काळं पडलेलं गवत. गुरं जगत होती.

वैशाखात सगुणा पटकीने गेली. सकाळी उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. खाडीच्या काठाला तिला अग्नी दिला. त्याविषयी मला जास्त लिहिता येत नाही.

पण एक लिहिलं पाहिजे. आमच्या घरात गवत कळायचं ते तिला. मी कुरण राखायचो, कापायचो, गंजी रचायचो. पण यंदा कुठलं गवत येणार, गुरं कधी आत सोडायची, हे ती सांगायची. ती म्हणायची, "पाऊस किती पडला ते इचारू नका. पडल्यावर ऊन कसं पडलं ते इचारा." आमच्या मुरमाड माळावर दोन जातीची गवतं. एक बियांवरचं, बारीक कुसळी. जमीन तापलेली असताना पाऊस पडला की वरची चार बोटं माती भिजते आणि ही कुसळी आठ दिवसांत सगळं रान हिरवं करून टाकते. मग पंधरा दिवस ऊन पडलं की तेवढ्याच घाईने जळते. दुसरं मुळावरचं, मारवेल आणि पवन्या. ते वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटतं. त्याला थंड पाऊस लागतो, तीन तीन दिवस झिमझिम, म्हणजे पाणी खाली मुळाशी जातं. ते उशिरा येतं. पण एकदा आलं की महिनाभर पाऊस नसला तरी मान टाकत नाही. गुरं जगतात ती त्याच्यावर.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि तिच्यासारखं नुसत्या नजरेने कळणं यात फरक होता, हे ती गेल्यावर मला समजलं.

मिरगात कोकणात पाऊस लागला आणि दहा दिवसांत मानपाड्याचा माळ गुडघाभर झाला. आम्ही देशावरची माणसं. आमच्याकडे हिरवं दिसलं की गुरांची दावी सोडायची, दुसरा विचार करायचा नाही. आम्ही सोडली. इनास डोक्यावर घोंगता घेऊन चिखलातून धावत आला.

"अरे घाट्यांनो, बांधा ती गुरां! हां गवत नाय, नुसता पानी हाय! आधी सुका घाला, मग जरा जरा चारा!"

दौलत मला हळूच म्हणाला, "त्याला त्येचं गवत इकायचंय, दाजी. म्हून बोंबलतोय."

मलाही तसंच वाटलं. आम्ही हसलो. संध्याकाळपर्यंत तीन गाईंची पोटं नगाऱ्यासारखी फुगली. पंधरवड्यात नऊ गुरं गेली. उरली चौदा.

उरलेली चौदाही सुखात नव्हती. दिवसरात्र चिखलात उभी राहून त्यांचे खूर कुजायला लागले. देशावरचं जनावर कोरड्या मुरमावर चालणारं. डास त्यांना बसू देत नसत. आम्ही सुकं गवत मिसळून घालत होतो, तरी बरगड्या रोज वर येत होत्या. म्हणजे इथेही मरण होतं, फक्त सावकाशीचं.

आर्द्रा नक्षत्र सरत आलं तेव्हा घाटावरून एक लमाण आला आणि सांगून गेला, "वर पाणी झालं. जुन्नरपासून पुढं समदं हिरवंगार." माळावर देशावरच्या लोकांचे आणखी पाच-सहा तळ होते. त्यांनी दुसऱ्या दिवशीच पाली उतरवल्या. दौलतनेही आमची भांडी एका पोत्यात भरली.

मी म्हणालो, "थांब."

"आता काय थांबायचं? समदे निघाले. आपुन काय हितं मुक्कामाला आलोय?"

"हिरवं झालंय म्हणजे काय झालंय? कुसळी का मारवेल?"

"हिरवं ते हिरवं!"

"इथं तसंच म्हटलं आणि नऊ गुरं पुरली."

त्याने पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "दाजी, एक इचारू? राग येऊ देऊ नका. तुम्ही गवतापायी थांबलाय का आक्कापायी?"

मी त्याला मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. सगुणाला जिथे अग्नी दिला होता तिथे मी एक दिवसाआड जात होतो. गाडी स्टेशनावर रिकामी केली की पाय तिकडेच वळायचे. दौलतला ते दिसत होतं. मी म्हणत होतो की वर बियांवरचं गवत आहे, पावसाने ओढ दिली की ते जळेल आणि गुरं उघड्या मुरमावर मरतील. पण हे मी कुरण न पाहता म्हणत होतो. दौलतही न पाहताच बोलत होता. चौदा गुरांचा जीव दोघांच्या अंदाजावर होता, आणि माझ्या अंदाजात किती गवत आणि किती सगुणा हे मलाच सांगता येत नव्हतं.

मग मी ठरवलं. आमच्याकडे कुरण मेलं का जिवंत आहे हे पाहायची एक रीत आहे. मारवेलीचा ठोंब मुळासकट उपटायचा आणि बुडखा नखाने सोलायचा. आत पांढरं आणि ओलं निघालं तर जिवंत. तपकिरी आणि भुसभुशीत निघालं तर मेला. एक ठोंब टेकाडाच्या माथ्यावरचा घ्यायचा, एक मधल्या उतारावरचा, एक खाली ओढ्याकाठचा. ऊन तिन्ही जागी वेगळं लागतं आणि पाणीही वेगळं मुरतं.

मी दौलतला म्हणालो, "तू चांगला चालणारा आहेस. जा आणि तीन ठोंब घेऊन ये. माती झाडू नकोस, ओल्या गोणपाटात गुंडाळ. तिन्हीतले दोन जिवंत निघाले तर त्या दिवशी निघायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

"आन् आक्का?"

"तिचं नाव यात घेऊ नकोस."

तो गेला. बारा दिवस मी एकटा होतो. त्या दिवसांत आणखी कुठलं जनावर गेलं नाही, पण एक वासरी उठेनाशी झाली. तिला मी बांबूच्या आडव्या दांडीवर पोटाखालून आधार देऊन उभी ठेवत होतो. पाऊस कमी झाला. पुनर्वसूत कोकणातही चार दिवस लखलखीत ऊन पडलं. इनास खूश होता, त्याच्या गंजी वाळल्या. मी मात्र त्या उन्हाचे दिवस मोजत होतो. इथे असं असेल तर वर कसं असेल?

तेराव्या दिवशी दुपारी दौलत आला. पायांना फोड आले होते. त्याने गोणपाट माझ्या पुढ्यात टाकलं.

"बघा. तुमच्या हातानं बघा."

मी पहिला बुडखा सोलला. पांढरा. दुसरा सोलला. पांढरा, इतका ओला की नखाला चिकटला. तिसराही पांढरा.

बोलायचं नव्हतंच, तसं ठरलं होतं. मी उठून पोती भरायला लागलो. दौलतने हसावं असं मला वाटलं, पण तो हसला नाही. थकला असेल म्हणून मी सोडून दिलं. नंदा कशी आहे विचारलं. तो म्हणाला, "हाय." दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, पोर पाठीशी बांधून. अंगावर दूध येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुरं सोडली. वासरीला गाडीत घालून कल्याणपर्यंत नेऊ, असं इनास म्हणाला होता. तो गाडी घेऊन आला आणि वासरीला वर चढवताना ते ठोंब त्याच्या नजरेस पडले. गवताचा माणूस. त्याने एक उचलला आणि उलटसुलट पाहिला.

"चांगला हाय रे गवत. मुला बघ कशी गेलीत खोल. काय रावजी, तुमच्या माळावर सगली कालीच माती काय?"

"छे. काळी ओढ्याकाठी तेवढी. वर तांबडा मुरूम, माती हातभर सुद्धा..."

आणि मी तिथेच थांबलो. इनासच्या हातातल्या ठोंबाला काळी माती होती. मी खाली वाकून दुसरे दोन उचलले. काळी. काळी. मुरमाचा एक खडा नाही. काल मी पांढरं पाहिलं आणि आनंदात माती पाहिलीच नाही.

आनंद म्हणालो ते खरं नाही. काल मला आनंद झाला नव्हता. आत्ता, ती काळी माती पाहून मला बरं वाटलं. जायला नको म्हणून बरं वाटलं. आणि ते कळल्यावर मला माझीच लाज वाटली.

दौलत दोन गाईंच्या मध्ये उभा होता. मी त्याला म्हणालो, "वर गेला होतास का?"

"गेलतो."

"मग?"

"दाजी, चला ना. वाटेत बोलू."

"वरचे कुठे आहेत?"

त्याने गाईच्या पाठीवर हात ठेवला. "टाकले. दोन्ही टाकले. माथ्यावरचा हातात घेतला तर भुगा झाला. मधला बी तसलाच. वर हिरवं हाय, खोटं न्हाई बोलत. समदी कुसळी. आन् ऊन असं पडलंय की मी आलो तवाच शेंडं पिवळं व्हाया लागलं हुतं."

"आणि तू मला सांगितलं असतंस..."

"तर तुम्ही आला नसता!" तो ओरडला. गाय बिचकली. "तुमचं काय, तुमचं माणूस हितंच हाय. माझं वर खडी फोडतंय. पोराला दूध न्हाई. तुम्ही म्हणणार गवत, गवत. मी काय करू? चौदा गुरं हायत आन् माझ्या पोराला एक वाटी दूध न्हाई!"

इनास ठोंब खाली ठेवून गाडीपाशी जाऊन उभा राहिला. निघूनही जाईना आणि जवळही येईना.

मला दौलतचा राग यायला हवा होता. आला नाही. तो खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यावर आम्ही चौदा गुरं उघड्या माळावर नेली असती. पण त्याने मला काय वाटतं ते बरोबर ओळखलं होतं, आणि मी मात्र त्याच्या पोराचा एकदाही विचार केला नव्हता. मी तिथेच दगडावर बसलो आणि सगुणा काय म्हणाली असती ते आठवायला लागलो. काही आठवलं नाही. मग मी नुसता ठोंबांकडे पाहत बसलो.

हे तिन्ही जिवंत होते. मातीच्या बाबतीत दौलत खोटा पडला होता, पण मुळं खोटी नव्हती. ओढ्याकाठची पट्टी जिवंत होती. काळी माती पाणी धरते, झाडांची सावली असते, जमीन तितकी तापत नाही. ती पट्टी किती? फार तर सहाशे पावलं लांब आणि वीस पावलं रुंद. त्यावर चौदा गुरं चार दिवस जगली नसती. पण दोन?

मी विचारलं, "ओढ्याची पट्टी कुणी चारली होती का?"

"न्हाई. गावात गुरंच न्हाईत कुणाची."

"दोन गाई राहतील तिच्यावर. रोज थोडी थोडी चारायची, बांधून. मुळाला तोंड लागू द्यायचं नाही. जमेल?"

त्याने गाईच्या पाठीवरचा हात काढला.

"चंदी आणि कपिली घेऊन जा. दोघी गाभण आहेत. चंदी पंधरा-वीस दिवसांत विते. पोराला दूध होईल. बाकीची बारा घेऊन मी इथे राहतो."

"हितं मरतील, दाजी."

"काही मरतील. वर सगळी मरतील."

"आन् तुम्ही? एकटे?"

"माझं माणूस इथंच आहे म्हणालास ना," मी म्हणालो. मला ते लागेल असं बोलायचं नव्हतं, पण तसं बोललं गेलं. त्याने मान खाली घातली.

इनास गाडीपासून म्हणाला, "झाला काय तुमचा भांडान? मग या वासरीचा काय करू, नेऊ का उतरवू?" आम्ही दोघांनी मिळून वासरी उतरवली. दौलत त्याच दिवशी दोन गाई घेऊन निघाला. ठोंब त्याने मागितले नाहीत, मी दिले नाहीत.

पुढचे दोन महिने मी कधी विसरणार नाही. पुष्य गेलं, आश्लेषा गेली. मुरबाडकडून येणारा माणूस दिसला की मी कल्याणच्या नाक्यावर त्याला गाठायचो आणि विचारायचो, वर कसं आहे. पहिल्यांदा कुणी म्हणालं, ऊन आहे. मग, ढग येतात आणि जातात. मग, रान पिवळं पडलं. आश्लेषांत एक म्हातारा भेटला, तो आमच्याच शेजारच्या तळावरचा. आर्द्रात एकोणीस गुरं घेऊन वर गेलेला. आता हातात नुसती काठी होती. मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "आठ दिस हिरवं व्हतं, पाव्हणं. आठच दिस."

मी खरा ठरलो होतो. त्याचा आनंद नव्हता, कारण माझीही मरत होती. वासरी गेली. मग दोन बैल. खुरांत किडे पडायचे, ते मी काडीने काढून कडुनिंबाचं तेल भरायचो. इनासने गंजीच्या ओट्यावरची कोरडी जागा मला गुरांसाठी मोकळी करून दिली. त्याच्या गासड्या पंधरा दिवस उघड्यावर राहणार होत्या, म्हणून मी त्याला नको म्हणालो. तर तो म्हणाला, "गप रं. मिरगात माजा आयकला असतास तर आज तेवीस असती तुजी. आता तरी आयक." मी ऐकलं.

रोज सकाळी मी गुरं मोजायचो. नऊ. आठ. खूप दिवस आठ. मग सात.

मघा नक्षत्राच्या शेवटी घाटावर ढग बसले ते हलले नाहीत. वरून येणारी माणसं भिजलेली यायला लागली. मी विचारायचो, कसा पडतो? जोरात का झिमझिम? लोकांना मी वेडा वाटत असेन. एक जण म्हणाला, "अवो, तीन दिस झालं सूर्य दिसला न्हाई. थंडी वाजती." तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. तरी लगेच निघालो नाही. गवत वाढायला वीस-पंचवीस दिवस द्यायला हवे होते, आणि इथे तेवढ्यात आणखी एक गाय गेली. ती मी वाचवू शकलो असतो का, याचा हिशेब मी अजून करतो.

हस्तात मी सहा गुरं घेऊन मानपाडा सोडला. इनास कल्याणपर्यंत बरोबर आला. "आता पुन्यांदा येव नको," तो म्हणाला, "आलास तर माज्या घरी जेवाया ये, गुरां घेऊन नको." खाडीचा काठ लांबून दिसला. मी गुरं हाकत राहिलो.

घाट चढायला त्यांना दोन दिवस लागले. वर आल्यावर वारा कोरडा झाला, तशी त्यांची चाल बदलली. गावाजवळ आल्यावर तर त्यांना हाकावं लागलं नाही, मागे पळावं लागलं.

दौलत कुरणाच्या तोंडाशीच उभा होता. त्याने गुरं मोजली, मी पाहिलं. सहा. ओढ्याकाठी चंदी आणि कपिली दाव्याला बांधलेल्या होत्या, चंदीजवळ खोंड होता. पोर कसं आहे विचारलं तर म्हणाला, "चावतंय आता."

मग मी वर पाहिलं. टेकाडाचं सगळं अंग पिवळ्या कुसळीने भरलेलं. आणि मधल्या उतारापासून माथ्यापर्यंत बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं, पाच-सहा माणसांचं काम.

"हे कुणी केलं?"

"म्याच. वर समदं मेलं नव्हतं, दाजी. मी दोन उपटले, दोन्ही मेलेले निघाले, म्हून मला वाटलं समदं गेलं. पाऊस आल्यावर फुटले. तेवीस ठोंब हायत. रोज मोजतो. तुरं आलंय त्यास्नी, पर बी अजून पडलं न्हाई. गावातल्या चार शेरड्या घुसल्या व्हत्या, भांडणं झाली. पाटलानं बलावलं व्हतं."

"बी पडायला किती दिवस?"

"पंधरा-ईस. तरीबी गुरं यंदा सोडायची न्हाईत, फुडल्या साली बी न्हाईत. तिसऱ्या वर्षी सोडू वर. आक्का तसंच म्हणली असती न्हाई का?"

मी मान हलवली. ती नक्की तसंच म्हणाली असती की आणखी एक वर्ष थांबा म्हणाली असती, ते मला माहीत नव्हतं.

आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात सहाही गुरं वर वळली होती. मारवेलीचा वास त्यांना लागला होता. वर्षभरात पहिल्यांदा. पुढची गाय काट्यात तोंड घालायला लागली, नाकाला रक्त आलं तरी हटेना. दौलत एका बाजूने धावला, मी दुसऱ्या बाजूने. आम्ही त्यांच्या तोंडावर काठ्या मारल्या. ज्या गुरांसाठी मी पावसाळाभर जागलो त्यांच्याच तोंडावर. ती मागे सरायची आणि पुन्हा यायची. अंधार पडायच्या सुमारास आम्ही त्यांना ओढ्याच्या पट्टीकडे वळवून एकेक करून बांधलं.

नंदा भाकरी घेऊन आली, पोर कडेवर. आम्ही दोघं एकदम जेवायला बसलो नाही. एकाने खायचं आणि दुसऱ्याने कुंपणापाशी उभं राहायचं. पहिली पाळी माझी होती, कुंपणाची.